ऐकूं येतें, पण कळत नाहीं

घरांतील वडील माणसाची दृष्टि मंद झाली कीं मुलें लगबगीनें चष्म्याची तजवीज करितात. गुडघे दुखूं लागले कीं काठी येते, मलम येतें. कान मात्र या काळजीला पारखे राहतात. आंधळ्याची कींव येते आणि बहिऱ्याचें हसूं येतें, हा जगाचा जुना न्याय घरोघरीं अजून चालूं आहे. आजीकडे ताट मागितलें आणि तिनें पाट आणून ठेवला, कीं नातवंडें हसतात. आजीहि त्यांच्याबरोबर हसते. परंतु असे दोनचार प्रसंग घडले म्हणजे ती बोलण्यांत भाग घेण्याचें हळूहळू सोडून देते. मग मंडळी म्हणूं लागतात, "आजी अलीकडे अबोल झाली;" आणि पुढें पुढें, "तिला भ्रम होऊं लागला." पुष्कळदां या तक्रारींचें मूळ स्वभावांत वा बुद्धींत नसून कानांत असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें साठीपुढील माणसांत शेकडा २५ हून अधिक लोकांना नित्य व्यवहारांत अडथळा येण्याइतका श्रवणदोष असतो.

हा दोष उत्पन्न कसा होतो, हें समजून घेणें अगत्याचें आहे. कानाच्या अगदीं आंत गोगलगाईच्या शंखासारखी वळणें घेत गेलेली एक नळी आहे. तिच्यांत सुमारें १५,००० सूक्ष्म केसाळ पेशी असतात. ध्वनीची लहर येऊन पोंचली म्हणजे या पेशींचे केस डोलतात आणि त्याचा संदेश मज्जातंतूंच्या द्वारें मेंदूला मिळतो. माणसाच्या या पेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हा उगवत नाहींत. नळीच्या तोंडाशीं असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात आणि आंतल्या टोंकाच्या खर्ज टिपतात. वार्धक्यांतील झीज प्रथम तोंडाशीं सुरू होते. म्हणून उंच स्वर आधीं नाहींसे होतात.

आतां बोलण्याकडे पाहावें. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टींतले व जोरकस असतात. उलट त, प, क, स, श यांसारखीं व्यंजनें उंच पट्टींतलीं व क्षीण असतात. आवाज ऐकूं येतो तो मुख्यतः स्वरांमुळें, आणि शब्द कळतो तो व्यंजनांमुळें. ताट आणि पाट यांतील 'आ' आजीला स्वच्छ ऐकूं येतो. भेद दाखविणारें व्यंजन तेवढें गळून पडतें. भाजीवाला साठ म्हणतो, आजोबा आठ समजतात. "ऐकूं येतें, पण कळत नाहीं," ही वृद्धांची तक्रार अशी अक्षरशः खरी असते. शांत खोलींत सुरळीत बोलणारे आजोबा लग्नघरीं गोंधळतात, त्याचेंहि कारण हेंच. भोंवतींचा गोंगाट उरलेसुरले दुवेहि झांकून टाकतो. त्यावरून "यांना हवें तेवढें बरोबर ऐकूं येतें" असा टोमणा मारणें हा निव्वळ अन्याय होय.

ओरडून बोलण्यानें काम भागत नाहीं. त्यानें आधींच मोठे असलेले स्वर अधिक मोठे होतात आणि बोलणाऱ्याचा चेहरा तेवढा रागावलेला दिसतो. त्यापेक्षां प्रथम नांवानें हांक मारावी, समोर उजेडांत बसावें, दूरदर्शनचा संच बंद करावा आणि सावकाश, स्पष्ट बोलावें. ओंठांची हालचाल पाहूनहि माणूस बरेंच समजून घेतो. एखादें वाक्य समजलें नाहीं तर तेंच चारदां न म्हणतां शब्द बदलून सांगावें.

मात्र प्रत्येक बहिरेपणा वयाचा नसतो. कधीं कधीं केवळ मळ घट्ट बसल्यानें ऐकूं येईनासें होतें आणि तो वैद्याकडून काढतांच कान मोकळा होतो. घरीं कानांत तेल ओतणें किंवा काडी घालणें धोक्याचें आहे. एका कानाचें ऐकणें एकाएकीं गेलें तर एक दिवसहि न दवडतां कानाच्या डॉक्टरांना गांठावें. उशीर झाला तर गेलेलें परत मिळण्याची आशा कमी होते. श्रवणाची रीतसर तपासणी आतां पुष्कळ शहरांत होते. मुंबईंत वांद्रे येथें अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था याच कार्यासाठीं १९८३ सालापासून आहे.

तपासणीनंतर श्रवणयंत्र मिळालें म्हणजे काम संपलें असें मात्र नव्हे. वर्षानुवर्षें शांततेला सरावलेल्या मेंदूला भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, सारेंच असह्य वाटतें. येथेंच पुष्कळ यंत्रें कपाटाच्या खणांत जाऊन पडतात. आरंभीं शांत खोलींत तासदोन तास, मग हळूहळू अधिक, असा कांहीं आठवड्यांचा सराव लागतो; यंत्राची जुळणीहि पुन्हा करून घ्यावी लागते. या दिवसांत घरच्यांचा धीर यंत्राइतकाच मोलाचा असतो.

ही खटपट स्मरणशक्तीसाठींहि हिताची ठरूं शकते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानें २०१७, २०२० आणि २०२४ च्या अहवालांत, स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर उपाय करतां येतो त्यांत श्रवणदोषाची गणना केली आहे. अमेरिकेंत ७० ते ८४ वयाच्या सुमारें एक हजार लोकांवर तीन वर्षें केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. सर्वांचा एकत्र विचार करतां फरक दिसला नाहीं. पण ज्यांना धोका मूळचाच अधिक होता, त्यांच्या बुद्धीचा ऱ्हास यंत्र व मार्गदर्शन मिळाल्यानें जवळजवळ निम्म्यानें मंदावला. यंत्रानें स्मृति टिकेलच असें वचन कोणी देऊं नये. पण संभाषण परत मिळतें, हा लाभ कांहीं थोडाथोडका नाहीं.

जेवतांना सगळे हसतात. आजोबा विचारतात, "काय झालें रे?" आणि घास घेतां घेतां नातू म्हणतो, "कांहीं नाहीं." या दोन शब्दांत दुष्टपणा नसतो, केवळ कंटाळा असतो, पण भरल्या पंगतींत बसलेला माणूस तेवढ्यानें एकटा पडतो. तोच विनोद समोर वळून, सावकाश पुन्हा सांगण्यास अर्धें मिनिट पुरतें.