एक कुंडी उन्हात, एक सावलीत

एकाच जातीची दोन रोपे दोन कुंड्यांत लावा. एक कुंडी उन्हात ठेवा, दुसरी सावलीत. महिन्याने सावलीतले रोप अशक्त दिसेल. म्हणून 'याचे बीच कमकुवत' असे कोणी म्हटले, तर तुम्ही हसाल. तुलना करायची तर परिस्थिती सारखी हवी, हा प्रयोगाचा पहिला नियम. पण माणसांच्या बाबतीत हा नियम थोर शास्त्रज्ञांनाही विसरायला होतो.

१९३३ साली मुंबईच्या कमला भागवत बी.एस्सी.ला विद्यापीठात पहिल्या आल्या. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी त्यांनी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच : अर्जदार मुलगी होती. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही, तेव्हा प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणले जाणार नव्हते. रामन यांची खात्री पटली, तरच पुढचे पाऊल. शिवाय आपल्या वावराने मुलांच्या कामात व्यत्यय येऊ द्यायचा नाही! मुलांना अशा अटी नव्हत्या.

दूध आणि डाळींतील प्रथिनांवर त्यांनी नेटाने काम केले. रामन यांची खात्री पटली आणि संस्थेची दारे मुलींना उघडली. पुढे केंब्रिजमध्ये कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असते, हे शोधले. श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन वाहून नेणारे हे प्रथिन आहे. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. याच पुढे कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या.

सावलीतले हे रोप वाढले खरे. पण सावलीने नुकसान होत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. संशोधकाची पहिली वर्षे रोपासारखीच नाजूक असतात. पहिला मार्गदर्शक, पहिला शोधनिबंध, पहिली नोकरी : प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी. आरंभी गेलेले एक वर्ष पुढे सगळीकडे मागे खेचते. त्यात लग्न आणि मुलांचे संगोपन याच वयात येते, आणि त्याचा भार बहुधा स्त्रीवरच पडतो. पहिल्याच नकारानंतर घरी परतलेल्या मुली किती असतील? त्यांची नावे कोणत्याच वहीत सापडत नाहीत.

आता एक निरीक्षण तुम्हीच करा. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत महिनाभर पाहा : उपकरणे कोण हाताळते आणि निरीक्षणे नुसती लिहून कोण घेते? नोंद ठेवा. कुंडी कुठे ठेवली आहे, ते कळेल. मग ती उचलून उन्हात ठेवणे अवघड नाही.