ठिबकला जे लागू, ते कमोडलाही

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत ठिबकचे पाणी कमी पडू लागले की शेतकरी लगेच नळ्या बदलायला काढत नाही. अडथळा कशाचा आहे, हे तो आधी पाहतो. शेवाळाचा चिकटा असेल तर क्लोरीन प्रक्रिया, क्षार साचले असतील तर आम्ल प्रक्रिया. पाण्यात बेताबेताने ॲसिड सोडायचे, शेवटच्या ड्रीपरमधल्या पाण्याचा सामू चारच्या आसपास उतरला की पंप बंद करून संच चोवीस तास तसाच ठेवायचा, मग नळ्यांची तोंडे उघडून सगळे वाहून जाऊ द्यायचे. त्याच कातळातले बोअरचे पाणी नाशिक शहरात कमोडच्या टाकीत येते, तिथेही क्षार धरते आणि फ्लश मंदावतो. पण इथे निदानच होत नाही. पंपाने ढोसले जाते, ब्लीच ओतले जाते आणि शेवटी कमोडच बदलले जाते. बोअरवर चालणाऱ्या घरातला मंद फ्लश हा आधी रसायनाचा प्रश्न आहे. जोर लावायची वेळ फार नंतर येते.

नाशिकचा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. पांडवलेणी कोरली तीही त्यातच. या खडकातल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. मुरणारे पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते आणि भेगांतून झिरपताना ही मूलद्रव्ये बायकार्बोनेटच्या रूपात सोबत नेते. पुढे कुठे हा वायू निसटला की कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. शेतातली चुनखडी हेच संयुग, आणि बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे कॅल्साइटचे देखणे स्फटिकही तेच. काचेच्या कपाटात आपण त्याचे कौतुक करतो, न्हाणीघरात त्याला शिव्या देतो. यावर कोणी म्हणेल, आम्ही तर गोदावरीचे पाणी वापरतो. गंगापूर, दारणा, मुकणे या धरणांतले पाणी खडकाच्या पोटात फारसे न रेंगाळता आलेले असते, त्यामुळे बोअरच्या मानाने ते हलके, हे खरेच. पण अनेक सोसायट्यांत नळाचे पाणी पिण्यापुरते आणि ‘वापरायचे’ पाणी बोअरचे, अशी वाटणी असते. उन्हाळ्यात टँकर येतो, तोही बहुधा कुठल्या तरी विहिरीवर भरलेला.

पाण्यात क्षार किती, याचा हिशेब घरी बसून करता येतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० एकूण काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारते आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. मधला ४०० चा आकडा धरू. एका घरात रोज १०० लिटर पाणी फ्लशला गेले, तर दिवसाला ४० ग्रॅम आणि वर्षाला साडेचौदा किलो क्षार त्या भांड्यातून जातात. हजारातला एक भाग मागे राहिला तरी पंधरा ग्रॅमच्या घरात, आणि तो अगदी नको तिथे राहतो. फ्लश संपल्यावर रिमखालच्या छिद्रांना थेंब लोंबतात, हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतात, सुकतात आणि पापुद्रा ठेवून जातात. पुढच्या फ्लशला त्यावर दुसरा चढतो. आठ मिलिमीटरचे छिद्र सहा मिलिमीटरवर आले तर नजरेला फरक जाणवत नाही, पण पाण्याची वाट ५६ टक्केच उरते. फ्लशची करामत पाण्याच्या लोंढ्यात असते. सहा लिटर पाणी काही सेकंदांत कोसळले तर ते मैला ट्रॅपपलीकडे ढकलते. तेच संथ उतरले तर नुसते भांडे ओले करते. मग बटण दुसऱ्यांदा दाबले जाते आणि भांड्यातून दुप्पट पाण्याबरोबर दुप्पट क्षार जातात.

निदानाला एक बादली पुरते. टाकी खुणेपर्यंत भरते ना, हे पाहून बादलीभर पाणी थेट भांड्यात एकदम ओतावे. ते झटकन गेले तर ट्रॅप मोकळा आहे, दोष छिद्रांत किंवा टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. तेही रेंगाळले तर अडथळा पुढे आहे. तिथला पिवळट थर वेगळ्या जातीचा असू शकतो: जिवाणू मूत्रातल्या युरियाचा अमोनिया करतात, पाणी अल्कधर्मी होते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे फॉस्फेट खाली बसते. आम्लात दोन्ही थर विरघळतात. कार्बोनेट फसफसते, फॉस्फेट मुकाट्याने जाते. ब्लीच मात्र स्वतःच अल्कधर्मी. ते जंतू मारते, डाग उडवते, क्षाराचे काही करत नाही. थर पांढरा झाला की गेल्यासारखा वाटतो, इतकेच.

आम्ल कोणते, यापेक्षा ते कुठे आणि किती वेळ टिकते याला महत्त्व आहे. भांड्यात ओतलेले ॲसिड खालच्या पाण्यात पातळ होते आणि क्षार असतात वर, रिममध्ये. म्हणून कॉक बंद करून टाकी रिकामी करावी, कोमट पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व ओव्हरफ्लोच्या नळीतून सावकाश सोडावे आणि त्याच पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या वळ्या छिद्रांवर दाबून रात्रभर ठेवाव्यात. शंभर ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटला साधारण १३० ग्रॅम लिंबूसत्त्व लागते. सकाळी छिद्रे प्लास्टिकच्या काडीने मोकळी करावीत. लोखंडी तारेने चकाकीला ओरखडे पडतात आणि नवा थर तिथेच पाय रोवतो.

दुकानातले कडक ॲसिड हे काम लवकर करते, हे नाकारायचे कारण नाही. पण त्याची वाफ छातीत जाते, धातूचे भाग गंजतात आणि शहाबादी फरशी खरवडली जाते, कारण ती स्वतःच चुनखडक आहे. सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंनाही ते मोठ्या प्रमाणात सोसत नाही. नवे कमोड घेतले तरी पाणी जुनेच राहते. रिमलेस कमोडला छिद्रे नसतात, हा मुद्दा वजनदार आहे, पण ट्रॅप त्यालाही असतो. फ्लशच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवणे मला उधळपट्टी वाटते. त्यातली रेझिन ताजी करायला मीठ लागते आणि ते खारे पाणी गटारात जाते. त्यापेक्षा पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी फ्लशच्या टाकीकडे वळवावे, त्यात काठिण्य जवळपास नसते.

सोसायटीने बोअरच्या पाण्याचे काठिण्य एकदा प्रयोगशाळेत मोजून घ्यावे. आकडा २०० च्या वर असेल तर लिंबूसत्त्वाचा उपचार महिन्याला एकदा करावा. थर जाड होण्याआधी थोडक्यात भागते. आणि ठिबकवाले क्लोरीन व आम्ल कधीच एकत्र सोडत नाहीत, ते कृपया न्हाणीघरातही पाळा. ब्लीच आणि ॲसिड एकाच भांड्यात पडले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद दाराच्या लहानशा खोलीत तो जिवावर बेतू शकतो.