राजवाड्यातील प्रेम आणि निम्मा वाटा

राजघराण्यातील व्यक्ती आणि सामान्य घरातील माणूस यांच्या प्रेमाची कथा इंग्रजी प्रेमकादंबरीला अजून पुरून उरली आहे. तिचा शेवट मात्र बदलला आहे. अँथनी होप यांच्या १८९४ मधील ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’त राजकन्या कर्तव्यासाठी प्रेमाचा त्याग करते. केसी मॅकविस्टन यांच्या २०१९ मधील ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’मध्ये ब्रिटनचा राजपुत्र प्रेम सोडायला तयार नसतो आणि वाचकही त्याच्याच बाजूने उभा असतो. मधल्या सव्वाशे वर्षांत बहुतेक राजांच्या हातून सत्ता गेली आणि सिंहासन शोभेचे झाले. शोभेच्या वस्तूसाठी कोणी प्रेम सोडावे, हे आजच्या वाचकाला पटत नाही.

अशी कादंबरी पेडणे किंवा डिचोलीत घडवायची म्हटली, तर पहिली अडचण राजाचीच येते. हा मुलूख एकेकाळी सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी आणि पेडणे पोर्तुगीजांकडे गेले व ‘नव्या काबिजादीं’चा भाग झाले. पुढे सावंतवाडीचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. गोव्याच्या बाजूला राहिले ते वाडे. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला पोर्तुगीज राजवटीने ‘व्हिस्कोंद’ हा किताब दिला होता. पण राजेशाही संपुष्टात आल्यावर खुद्द पोर्तुगालनेच १९१० मध्ये असे किताब रद्द केले, आणि १९६१ नंतर लागू झालेल्या भारतीय राज्यघटनेतही त्यांना स्थान नाही. म्हणजे येथील नायक राजपुत्र नव्हे, फार तर वाड्याचा वारस.

मराठी मुलखात अशी प्रेमप्रकरणे खरोखर घडली, तेव्हा नेमके काय अडले, हे पाहायचे तर इंदूरकडे वळावे लागते. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारातील नर्तकी मुमताज बेगम इंदूर सोडून मुंबईस आली. जानेवारी १९२५ मध्ये मलबार हिलवर तिच्या मोटारीवर हल्ला झाला आणि तिच्यासोबत असलेले व्यापारी अब्दुल कादर बावला मारले गेले. हल्लेखोरांचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा, असा पर्याय ब्रिटिश सरकारने महाराजांपुढे ठेवला. १९२६ मध्ये तुकोजीरावांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च १९२८ मध्ये, त्यांनी अमेरिकेतील सिएटलच्या नॅन्सी मिलर यांच्याशी विवाह केला. त्याआधी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या पुढाकाराने त्यांचे हिंदू धर्मात शुद्धीकरण झाले. त्या शर्मिष्ठादेवी झाल्या. टीका पुष्कळ झाली, पण लग्न निभावले. कारण त्यात गादीचा प्रश्नच उरला नव्हता. वर आधीच पदच्युत झाला होता.

पुढच्या पिढीत तो प्रश्न उभा राहिला. यशवंतरावांनी १९४३ मध्ये युफेमिया क्रेन या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला आणि त्यांना पुत्र झाला. मात्र १९५० मध्ये भारत सरकारने वारस म्हणून मान्यता दिली ती पहिल्या पत्नीच्या कन्या उषाराजे यांना. १९६१ मध्ये यशवंतरावांच्या निधनानंतर होळकरांचा वारसा त्यांच्याकडेच गेला. पुदुकोट्टईच्या राजाने १९१५ मध्ये ऑस्ट्रेलियन मॉली फिंक यांच्याशी लग्न केले, तेव्हा त्याला राज्य सोडून परदेशी राहावे लागले आणि त्याच्या मुलाला गादी मिळाली नाही. इंग्लंडचा आठवा एडवर्ड याने १९३६ मध्ये एक मधला मार्ग सुचवून पाहिला: पत्नीला राणीपद नको, मुलांना वारसा नको, केवळ विवाहाला संमती हवी. ती नाकारली गेली आणि त्याने सिंहासन सोडले. दरबाराचा राग प्रेमावर थोडा आणि वारसावर फार असे.

शर्मिष्ठा हे नाव निवडणाऱ्यांना महाभारत आठवले असेलच. ययातीच्या कथेत शर्मिष्ठा जन्माने राजकन्या, पण दासी म्हणून आलेली. आणि गादी मात्र तिच्याच धाकट्या मुलाला, पुरूला मिळते. थोरल्या यदूला का वगळले, हा प्रजेचा सवालही तेथे आहे. पेडणे तालुक्यातील तेरेखोलपासून जवळच असलेल्या शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी सुमारे अठरा वर्षे शिक्षक होते. त्यांची ‘ययाति’ १९५९ मध्ये आली. राजवाड्यातील प्रेमाच्या मराठी कादंबरीचा पत्ता शोधणाऱ्या गोमंतकीय वाचकाला फार दूर जावे लागत नाही.

गोव्यातील वाड्याला मात्र गादीचा नियम लागत नाही, आणि येथेच कथानक वेगळे वळण घेते. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात मुक्तीनंतरही चालू राहिला. वारसाविषयीच्या तरतुदींची जागा आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्याने घेतली आहे. या व्यवस्थेत विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा अविभक्त वाटा असतो. लग्नाआधीची, नंतर कमावलेली आणि वारशाने आलेली मालमत्ताही साधारणपणे त्यात येते. स्थावर विकायची तर दोघांचीही संमती लागते. मुलगा-मुलगी हा भेद नाही, थोरल्याला सर्वस्व नाही. इच्छापत्राने साधारणतः निम्मीच मालमत्ता मर्जीप्रमाणे देता येते. उरलेली निम्मी मुलांसाठी राखीव असते. प्रौढ मुलाने मनाजोगते लग्न केले, एवढ्यावरून त्याला त्या वाट्यातून वगळता येत नाही. गोमंतकीयाची मालमत्ता राज्याबाहेर असली तरी तिला हाच वारसा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले.

म्हणजे इंग्रजी कादंबरीतील ‘तुला वारसाहक्कातून बेदखल करीन’ ही बापाची धमकी पेडण्यात अर्धीच खरी ठरते. करडी राजमाताही येथे परंपरेच्या बळावर करडी नसते. पतीच्या निधनानंतर तिचा निम्मा वाटा तिचाच राहतो, मुलांत विभागला जातो तो पतीचा. तीही कधीकाळी एखाद्या साध्या घरातून आलेली सून असू शकते, आणि नव्या सुनेबरोबर काय काय येते हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. चांगल्या लेखकाने हे पात्र सोडू नये.

सामान्य घराचा अर्थही येथे निराळा आहे. गोव्यातील खरे अंतर राजा आणि प्रजा यांच्यात नव्हे, तर भाटकार आणि मुंडकार यांच्यात होते. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्याला कोणत्याही क्षणी उठवले जाण्याची भीती असे. १९६४ च्या कुळ कायद्याने कसणाऱ्याला आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहणाऱ्याला संरक्षण दिले. राहते घर विकत घेण्याचा हक्कही मुंडकाराला मिळाला. नायिका मुंडकाराची मुलगी असेल आणि तिच्या वडिलांचा दावा मामलेदारासमोर नायकाच्या घराविरुद्ध चालू असेल, तर लेखकाला राजदूत, मेजवान्या आणि छायाचित्रकारांची गरज भासणार नाही. डिचोलीत तर खाणींच्या भरभराटीने नवे श्रीमंत घडवले. तेथे जुन्या वाड्यातील मुलगा आणि नव्या बंगल्यातील मुलगी यांच्यात ‘सामान्य’ कोण, हेच आधी ठरवावे लागेल.

अशा कादंबरीचा कळसही देवळातल्या मंडपात येणार नाही. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी दोन टप्प्यांत होते. आधी विवाहाचा इरादा नोंदवून सही करायची, मग हरकतींची मुदत संपल्यावर दुसरी सही. पहिल्या सहीने लग्न पूर्ण होत नाही. मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करायचा असेल, तर तो विवाहापूर्वीच नोटरीपुढे व्हावा लागतो. नंतर तो करता येत नाही, केलेला बदलताही येत नाही. वाड्यातील वडीलधाऱ्यांना जे काही बोलायचे ते याच दिवसांत बोलावे लागते. एका संध्याकाळी कराराचा मसुदा नायिकेपुढे ठेवला जातो. त्यावर सही केली तर निम्म्या वाट्यावर पाणी सोडायचे, न केली तर ‘आली ती वाड्यासाठीच’ हे शब्द आयुष्यभर ऐकायचे. नायक त्या खोलीत असतो; तो कागद उचलतो की गप्प बसतो, हे लेखकाला त्याच पानावर सांगावे लागेल.