औषध चालू, आकडीही चालू

अपस्माराच्या रुग्णाची आकडी औषध घेऊनही थांबत नाही, तेव्हा दोष औषधाचा की आपला? हा प्रश्न मला काचीगुड्याच्या एका मराठी कुटुंबाने शिकवला.

मुलगी सतरा वर्षांची. दोन वेळा मोठी आकडी आली म्हणून मी कार्बामाझेपिन सुरू केले, उपयोग होईना म्हणून मात्रा वाढवली. आई एकदा म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सकाळी हिच्या हातून चहाचा कप उडतो हो." मी तो वयाचा धांदरटपणा समजलो. मुलगी बिघडतच गेली. अखेर झोपेतला ईईजी केला आणि निदान कळले : जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. या प्रकारात कार्बामाझेपिनने झटके वाढूही शकतात. औषध बदलताच कप उडणे थांबले. केसपेपरवर मी 'औषधाला दाद देत नाही' असे लिहिले होते, ते खोडले.

असे 'खोटे' असाध्य रुग्ण पुष्कळ असतात. कुणाला मुळात अपस्मार नसतोच. हृदयाच्या ठोक्यांतील दोषाने येणारी भोवळ किंवा मानसिक ताणातून येणारे झटके असतात. कुणी गोळ्याच चुकवतो. रमजानच्या महिन्यात गोळीच्या वेळा आणि झोप दोन्ही बदलतात, हे आपल्या शहरात विचारलेच पाहिजे. नव्या सुना सासरी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवतात आणि संधी मिळेल तेव्हा घेतात. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट गेली, पण घरांतून भीती गेली नाही.

हे सारे वगळल्यावर खरा प्रतिरोध उरतो. योग्य निवडलेली, सोसवणारी दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही आकडी थांबली नाही, तर त्याला औषध-प्रतिरोधक अपस्मार म्हणावे, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली केली. 'दोन' या आकड्यामागे अनुभव आहे. ग्लासगोच्या क्वान व ब्रॉडी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी उपचार न झालेल्या ४७० रुग्णांपैकी २२२ जण पहिल्याच औषधाने आकडीमुक्त झाले; दुसऱ्या वा तिसऱ्या औषधाने आणखी ६७ च. पुढे कितीतरी नवी औषधे आली, तरी २०१८ साली त्याच शहरातून आलेल्या १,७९५ रुग्णांच्या अहवालात आकडीमुक्तांचे प्रमाण सुमारे ६४ टक्केच राहिले.

असे का होते? मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील काही प्रथिने औषध बाहेर ढकलतात, असा एक तर्क. औषध जिथे काम करते ती पेशीतील जागाच बदलते, असा दुसरा. निर्णायक पुरावा कशालाच नाही. मात्र मेंदूत व्रण असेल तर उपाय सापडू शकतो. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने ७७ टक्के मुले आकडीमुक्त होती; केवळ औषधांवरची ७ टक्के.

मागे एका तरुणाचा एमआरआय नव्याने करवला. टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूस जुना व्रण स्पष्ट दिसत होता. लहानपणी तापात आलेल्या प्रदीर्घ आकडीची हकीकत वडिलांनी पूर्वीच सांगितली होती. शस्त्रक्रियेचा विचार करता येईल, असे मी म्हणताच ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अठरा वर्षे गोळ्या चालू आहेत साहेब. हे कुणी बोललंच नाही."

त्या अठरांपैकी सहा वर्षे तो माझ्याकडे येत होता.