औषध कारखान्यातील सही आणि समज

मागील ईदला आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण गुजरातेतून सुटीवर आला होता. तिकडे तो एका औषध कारखान्यात नोकरीला आहे. शिक्षण बी.एस्सी. रसायनशास्त्र, उर्दू घरची, मराठी चांगली, इंग्रजी बेताची. ट्रेनिंग कसे झाले असे मी विचारले, तर हसून म्हणाला, "चाचा, पहिल्या दिवशी सतरा एस.ओ.पी. हातात दिले आणि सतरा सह्या घेतल्या. वाचायला वेळ कोणाला होता?"

एस.ओ.पी. म्हणजे कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे, याची लेखी पद्धत. सहीच्या वर छापलेले असते की मी हे वाचले व मला समजले. कारखान्याच्या फाइलीत त्या मुलाचे प्रशिक्षण पूर्ण झाले. त्याच्या डोक्यात काहीच गेले नाही.

आम्ही कापडवाले. सही करण्याची घाई काय करते हे मला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी लग्नसराईत गाठ न उघडताच बिल्टीवर सही करून माल घेतला. नंतर ताके उघडले तर पन्हा दोन इंच कमी. व्यापाऱ्याने हात वर केले. माझे नुकसान पैशाचे झाले, ते एका हंगामात भरून निघाले. औषधाच्या धंद्यात न तपासता घेतलेला माल माणसाच्या पोटात जातो.

मुंबईच्या जे.जे. रुग्णालयातील 1986 ची घटना जुन्या वाचकांना आठवत असेल. रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते व 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि 1987 साली अहवाल दिला. रुग्णालय, औषध प्रशासन, मंत्री, कोणालाही त्यांनी सोडले नाही. हे विष दिसायला ग्लिसरीनसारखेच, चवीला गोडसर, आणि स्वस्त. ब्रेक ऑइलसारख्या वस्तूंत ते वापरतात. पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी होतात. अमेरिकेत 1937 साली याच विषाने शंभरावर माणसे गेली होती आणि त्यावरून तेथे 1938 चा कडक कायदा झाला. म्हणजे जे.जे.च्या वेळीही ही माहिती नवी नव्हती.

तरीही सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांतली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणली होती. औषध तामिळनाडूतील एका छोट्या कारखान्यात बनलेले होते. तेथील सरकारी प्रयोगशाळेला त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मर्यादा आहे 0.1 टक्का. कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी निघाल्या. औषधी दर्जाचा नसलेला कच्चा माल घेतला आणि तो तपासला नाही, हे त्यातले मूळ.

1937, 1986, 2025. विष तेच, चूकही तीच. ज्ञान पुस्तकात होते, आयोगाच्या अहवालात होते, कायद्यात होते. ज्याच्या समोर पिंप उतरवले गेले त्या माणसापर्यंत ते पोहोचले नव्हते, किंवा पोहोचले असेल तर मालकाने त्याला थांबू दिले नाही. मोठ्या कंपन्यांत आता यासाठी 'नॉलेज मॅनेजमेंट' असा शब्द वापरतात. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा साधा अर्थ असा, की कारखान्याला एकदा जे कळले ते माणसे बदलली तरी विसरले जाऊ नये. आमच्याकडे जुना मुनीम गेला की कोणत्या गावच्या गिऱ्हाइकाला कोणता शेड चालतो हे त्याच्याबरोबरच जाते. दुकानाला ते परवडते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. औषध नियमावलीतील शेड्युल एम केंद्र सरकारने डिसेंबर 2023 मध्ये नव्याने अधिसूचित केले. नव्या कामगाराला त्याच्या कामाचे प्रशिक्षण, पुढेही वेळोवेळी प्रशिक्षण, त्याची नोंद, आणि त्या प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष उपयोग झाला की नाही याची तपासणी, हे सर्व त्यात आहे. 250 कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कारखान्यांना अर्ज केल्यास 31 डिसेंबर 2025 पर्यंत मुदत मिळाली होती. ती आता संपली आहे. सतरा सह्या घेणारे नोंद ठेवतात, तपासणी ठेवत नाहीत.

मोठ्या कारखान्यांतही हे घडते. ख्वाजा अब्दुल हमीद यांची 1935 ची सिप्ला, हबील खोराकीवाला यांची वॉकहार्ट, ही नावे आपण अभिमानाने घेतो. म्हणून झालेले झाकून ठेवणे बरे नव्हे. मार्च 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे निरीक्षक औरंगाबादजवळील वाळूजच्या वॉकहार्ट कारखान्यात आले. टाकाऊ कागदांच्या जागेत त्यांना इंजेक्शनच्या सुमारे 75 बॅचेसचे अनधिकृत कागद अर्धे फाडलेले मिळाले. त्यांपैकी काही बॅचेस त्या कागदांप्रमाणे तपासणीत नापास होत्या, अधिकृत कागदांत त्याच पास होत्या. अमेरिकेने त्या कारखान्याच्या मालाची आयात रोखली. ब्रिटननेही त्या वर्षी खबरदारी म्हणून 16 औषधे परत मागवली.

कोणत्याही कारखान्यात कागद फाडणारा हात नियम माहीत नसलेला असतो असे मला वाटत नाही. नापास बॅच लिहिली तर साहेब काय म्हणेल, ही भीती तो हात चालवते. चूक सांगणाऱ्याचा पगार कापला, तर पुढची चूक कोणी सांगणार नाही. नियम काटेकोर असावा, आणि त्यातून घसरलेले लिहून देणाऱ्याला संरक्षण असावे. नोंद कोणी केली, काम करताना त्याच वेळी केली की नंतर भरली, मूळ कागद कुठे आहे, या प्रश्नांची उत्तरे निरीक्षक मागतो. खरे लिहिणाऱ्याला ती पाठ करावी लागत नाहीत.

भाषेचा प्रश्न वेगळा आहे. मी उर्दू माध्यमात शिकलो. विक्रीकराचा पहिला फॉर्म समोर आला तेव्हा वकिलाने बोट ठेवले तिथे सही केली, अर्थ सहा महिन्यांनी कळला. आपली मुले इंग्रजी एस.ओ.पी.वर अशीच सही करतात. सुपरवायझरने पद्धत मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगावी, यंत्राजवळ एकदा करून दाखवावी, मग मुलाकडून करून घ्यावी आणि त्यानंतर सही घ्यावी. हे असे का करायचे, तेही सांगावे. पिंपाचा नमुना का घ्यायचा हे विचारल्यावर ज्याला छिंदवाड्याची गोष्ट सांगता येते, तो नमुना चुकवणार नाही. आणि नोकरीला जाणाऱ्या मुलाने न समजलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढून विचारण्याची लाज धरू नये. मुलाखतीतच विचारावे की प्रशिक्षण किती दिवसांचे, शिकवणार कोण.

तो तरुण परत गेल्यावर त्याची बदली कच्च्या मालाच्या गोदामात झाली. परवा फोन आला होता. चाळीस पिंपे आली होती, प्रत्येकातून वेगळा नमुना घेण्यात दोन दिवस गेले. उत्पादन विभागातून माणसावर माणूस येत होता. मी विचारले, मग? म्हणाला, "चाचा, प्रयोगशाळेचा कागद येईपर्यंत मी सही केली नाही."