कोट नसला तरी चालेल: क्रूझवरच्या ‘फॉर्मल नाईट’चे गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रूझचं बुकिंग झालं की सूचनांची एक लांबलचक यादी येते. पासपोर्ट, विमा, औषधं, स्वेटर यांच्या रांगेत कुठेतरी ‘फॉर्मल नाईटसाठी योग्य पोशाख’ असे चार शब्द असतात, आणि घरात सगळ्यात जास्त खल होतो तो त्यांच्यावरच. बाबांना लग्नातला कोट आता बसत नाही. आईंना वाटतं, तिथे सगळ्या बायका गाऊनमध्ये असणार, मग आपण साडीत कशा दिसू? मुलगा फोनवर म्हणतो, ‘काहीही घाला हो, तिथे कोण बघतंय!’ सूनबाई सांगतात, ‘असं नाही चालत आई, तिथे नियम असतात.’ दोघांचंही थोडं बरोबर असतं, थोडं चूक.

या धास्तीपायी दोन गोष्टी होतात. काहीजण एका संध्याकाळसाठी महागडा सूट शिवतात आणि तो पुढे कपाटात पडून राहतो. काहीजण त्या रात्री मुख्य भोजनगृहाकडे फिरकतच नाहीत. दुसरी गोष्ट मला जास्त लागते. तिकिटाचे पैसे तेवढेच भरलेले असतात, जहाजाचे आचारी त्या रात्री आपली कला पणाला लावतात, आणि आपली माणसं मात्र वरच्या मजल्यावरच्या बुफेत ताट घेऊन बसलेली असतात. फॉर्मल नाईटला जहाज तुमच्याकडून नीटनेटकी तयारी मागतं, साहेबी वेष मागत नाही. हे एकदा पक्कं समजलं की बाकीच्या शंका आपोआप लहान होतात.

‘क्रूझ म्हटली की सूट-टाय आलाच’

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. ‘क्रूझवर काय घालायचं?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण प्रत्येक कंपनीचा रिवाज वेगळा आहे.

सगळ्यात कडक टोकाला कुनार्ड ही जुनी ब्रिटिश कंपनी आहे. तिचं ‘क्वीन मेरी 2’ हे जहाज साउथहॅम्प्टन आणि न्यूयॉर्कच्या दरम्यान 7 रात्रींत अटलांटिक ओलांडतं, आणि त्यात साधारण दोन ‘गाला’ संध्याकाळी असतात. त्या दिवशी संध्याकाळी 6 नंतर पुरुषांकडून डिनर जॅकेट किंवा गडद रंगाचा सूट आणि बो किंवा टाय अशी अपेक्षा असते, आणि स्त्रियांकडून ठेवणीतल्या पोशाखाची. कधी ‘ब्लॅक अँड व्हाइट’, कधी ‘रेड अँड गोल्ड’, कधी मुखवट्यांची रात्र, अशा कल्पनाही असतात. त्यांत भाग घेणं ऐच्छिक असतं. लाल-सोनेरी कपडे नाहीत म्हणून कुणी तुम्हाला दारातून परत पाठवत नाही.

दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइन आहे. तिने 2000 साली ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ सुरू केलं आणि सक्तीची फॉर्मल रात्र काढूनच टाकली. वायकिंगच्या सागरी जहाजांवरही फॉर्मल नाईट नसते. व्हर्जिन व्हॉयेजेसवर एका रात्री लाल रंग घालावा असं सुचवलेलं असतं, बस्स, तेवढंच.

बहुतेक कंपन्या या दोन टोकांच्या मध्ये आहेत. अमेरिकेतल्या कार्निव्हलवर 2 ते 5 दिवसांच्या सफरीत एक आणि 6 दिवस किंवा त्याहून मोठ्या सफरीत दोन ‘एलिगंट’ रात्री असतात. पुरुषांनी चांगली पँट आणि बाह्यांचा शर्ट घातला तरी भागतं. कोट घातला तर छानच, पण सक्ती नाही. सेलेब्रिटी कंपनीने तर ‘फॉर्मल’ हा शब्दच सोडून ‘शिक’ हा शब्द घेतला. गेल्या वीसेक वर्षांत वारा याच दिशेने वाहतो आहे: सक्ती कमी, सूचना जास्त.

मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजाबद्दलही हाच प्रश्न येतो. 2021 साली या कंपनीचं ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या सफरींवर जाऊ लागलं. मुलंबाळं, आजीआजोबा, ऑफिसातला गट असा सगळा मेळा घेऊन होणाऱ्या या दोन-तीन रात्रींच्या सफरी आहेत. त्यासाठी कुणी डिनर जॅकेट शिवून घेऊ नये. हॉलमधल्या रिसेप्शनला जाताना घालतो तसा एक जोड सोबत असला की पुष्कळ झालं.

म्हणून पहिलं काम एकच: आपल्या जहाजाचं नाव घेऊन त्या कंपनीचा पोशाखाचा नियम वाचायचा. शेजारी मागच्या वर्षी दुसऱ्या कंपनीच्या जहाजाने गेले होते, त्यांचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

‘फॉर्मल म्हणजे पाश्चात्त्य कपडे’

हे साफ चूक आहे, आणि कुनार्डसारखी कडक कंपनीसुद्धा आपल्या नियमांत राष्ट्रीय औपचारिक पोशाख चालतो असं स्पष्ट लिहिते. स्कॉटिश माणूस किल्ट घालून येतो, जपानी बाई किमोनोत येते. मग आपल्या पैठणीने संकोचायचं कारण काय? खरं म्हणजे त्या भोजनगृहात साडी ही सगळ्यात निःशंक निवड आहे. गाऊन पुरेसा लांब आहे का, फारच झगमगीत तर नाही ना, असे प्रश्न गाऊनबद्दल पडतात. रेशमी साडी औपचारिक आहे की नाही, असा प्रश्न जगात कुणाला पडत नाही.

कोणती साडी, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. भोजनगृहात एसी चांगलाच थंड असतो, म्हणून रेशीम सुखाचं. पण डेकवर वारा पदराला जागेवर राहू देत नाही. पैठणी, नारायणपेठी, कांजीवरम जड असल्याने चापूनचोपून बसतात. शिफॉन आणि जॉर्जेट वाऱ्यावर सतत सावरावं लागतं. जहाज चालत असताना जमीन किंचित हलते, आणि डेकवर उघडणाऱ्या दारांना पाणी आत येऊ नये म्हणून उंच उंबरठे असतात. केबिनमधल्या न्हाणीघरालाही बऱ्याचदा तसा उंबरठा असतो. तिथे निऱ्या पायात येऊन तोल जाऊ शकतो. त्यामुळे साडी घोट्याच्या किंचित वर नेसावी, टाचा बसक्या आणि रुंद असाव्यात, आणि सेफ्टी पिना घरूनच न्याव्यात, कारण जहाजावरच्या दुकानात हिरे-घड्याळं सहज मिळतात, पिना मिळतीलच असं नाही. नऊवारीची हौस असेल तर शिवलेली नऊवारी या सगळ्यावर सोपा उपाय आहे. पाय मोकळे राहतात आणि नथ-चंद्रकोरीसह आलेल्या बाईकडे सगळी टेबलं कौतुकाने बघतात.

पुरुषांसाठी बंदगळा म्हणजेच जोधपुरी कोट हे उत्तम उत्तर आहे. गडद निळा किंवा काळा बंदगळा गाला संध्याकाळीसुद्धा डिनर जॅकेटच्या बरोबरीने शोभतो, टायची कटकट नाही, आणि परत आल्यावर पुढच्या लग्नसराईत पुन्हा कामाला येतो. शेरवानीही चालते. रेशमी कुर्ता आणि वर जॅकेट हे कार्निव्हलसारख्या जहाजांवर छान दिसतं. कुनार्डच्या गालाला मात्र मी बंदगळाच सुचवेन. सुती झब्बा-पायजमा कितीही शुभ्र असला तरी तो त्या संध्याकाळी घरगुती वाटतो.

पायांत काय, हाही प्रश्न असतो. मुख्य भोजनगृहात रबरी स्लिपर, पोहण्याचे कपडे, पुरुषांचे बिनबाह्यांचे बनियनसारखे शर्ट, फाटक्या जीन्स यांना बहुतेक ठिकाणी मज्जाव असतो. कोल्हापुरी चप्पल म्हणजे रबरी स्लिपर नव्हे, हे आपल्याला कळतं. दारावरच्या परदेशी कर्मचाऱ्याला कळेलच असं नाही. मोजडी किंवा बंद बूट घातले की वाद उरत नाही.

‘पूर्वी सगळेच रोज नटूनथटून जेवायला येत’

सिनेमांमुळे हे चित्र मनात घट्ट बसलं आहे. ते अर्धवट आहे. पहिली गोष्ट, ती शान फक्त वरच्या वर्गाची होती. ‘टायटॅनिक’वर तिसऱ्या वर्गाचं मुख्य जेवण दुपारी असे आणि संध्याकाळी त्यांना ‘टी’ म्हणून हलकं खाणं मिळे. तिथे संध्याकाळच्या खास पोशाखाचा प्रश्नच नव्हता. दुसरी गोष्ट, वरच्या वर्गातही प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या रात्री साध्या कपड्यांत जेवण्याची रीत होती, कारण पेट्या एकतर उघडलेल्या नसत किंवा पुन्हा बांधलेल्या असत. आजही सामान केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते, म्हणून पहिली रात्र जवळपास सगळीकडे साधीच ठेवतात आणि फॉर्मल नाईट बऱ्याचदा जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी येते.

शिष्टाचाराच्या अमेरिकन लेखिका एमिली पोस्ट यांनी तर 1922 च्या ‘एटिकेट’ या पुस्तकात जहाजावर नृत्यसमारंभाचे झगे घालून मिरवणं हे अभिरुचीहीन ठरवलं होतं. ज्यांना हा भपका दाखवायला दुसरी जागा नाही तेच असं करतात, असा त्यांचा रोख होता. म्हणजे ज्या काळाला आपण जहाजी थाटाचा सुवर्णकाळ मानतो, त्याच काळातली शिष्टाचाराची अधिकारी व्यक्ती साधेपणाच्या बाजूने बोलत होती. तांबड्या समुद्राच्या उकाड्यात तर ब्रिटिश साहेबही कोट काढून ठेवत आणि नुसता शर्ट व कमरपट्टा एवढ्यावर जेवायला बसत. त्या पोशाखाला ‘रेड सी रिग’ असं नावच पडलं. नियम होते, पण हवामान बघून ते वाकतही होते.

जेवणाच्या टेबलाची आपली भीतीही जुनीच आहे. 4 सप्टेंबर 1888 रोजी मोहनदास गांधी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने विलायतेला निघाले. काटे-चमचे कसे धरायचे ते माहीत नाही, कोणता पदार्थ मांसाचा नाही हे विचारायचं धाडस नाही, म्हणून ते टेबलावर जेवायला गेलेच नाहीत. सोबतची मिठाई आणि फळं खाऊन त्यांनी केबिनमध्येच दिवस काढले, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. बोटीवर काळा सूट वापरला आणि उतरताना मुद्दाम राखून ठेवलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट घातला, तर किनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच! तेच गांधीजी 29 ऑगस्ट 1931 रोजी गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने दुसऱ्या वर्गातून निघाले, ते पंचा आणि शाल एवढ्यावर. एवढा निर्धार आपल्याला लागत नाही. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून केबिनमध्ये चिवडा खात बसू नये, एवढं तरी त्या अठरा वर्षांच्या मुलाच्या अनुभवावरून घ्यावं. आज शाकाहारी पदार्थ मेन्यूवर वेगळे दाखवलेले असतात. जैन जेवण हवं असेल तर ते मात्र बुकिंगच्या वेळीच कळवावं.

‘तयार झालो नाही तर उपाशी राहावं लागेल’

अजिबात नाही. नियम असतो तो मुख्यतः मोठ्या भोजनगृहापुरता आणि काही खास दालनांपुरता. बुफे सुरू असतो, केबिनमध्ये जेवण मागवता येतं. दमून आलात, गुडघे दुखताहेत, नातू झोपला आहे, तर खुशाल साध्या कपड्यांत बुफेत जेवा. माझं म्हणणं एवढंच की ते आवडीने करावं, भीतीने नको.

कॅप्टनच्या टेबलावर बसायचं आमंत्रण कपडे बघून मिळतं, हाही एक समज आहे. ते बहुधा त्या कंपनीच्या जहाजांवर वर्षानुवर्षं येणाऱ्या किंवा मोठ्या सुइटमध्ये राहणाऱ्या प्रवाशांकडे जातं. फॉर्मल नाईटला जिन्यापाशी छायाचित्रकार पडदे लावून उभे असतात. फोटो काढून घेण्याची किंवा तो विकत घेण्याची सक्ती नसते. प्रिंट महाग असतात, हे मात्र आधी माहीत असावं.

‘इस्त्री सोबत नेऊ, तिथे करू’

इथे मात्र कडक नियम आहे आणि तो पाळायलाच हवा. बहुतेक कंपन्या केबिनमध्ये इस्त्री किंवा कपड्यांना वाफ देणारं यंत्र आणू देत नाहीत. सामान तपासताना ते काढून घेतात आणि उतरताना परत देतात. मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन यांनाही हाच नियम लागू आहे, तेव्हा रोजची पूजा हात जोडूनच करावी. यात अतिरेक काही नाही. मार्च 2006 मध्ये जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजाच्या बाल्कनीत आग लागली, ती बहुधा फेकून दिलेल्या सिगारेटमुळे. ती अनेक मजल्यांवर पसरली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. समुद्रात अग्निशमन दलाचा बंब बोलावता येत नाही.

मग चुरगळलेल्या कपड्यांचं काय? कुनार्ड आणि प्रिन्सेस या कंपन्यांच्या जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईखोली असते आणि तिथे इस्त्रीची सोय असते. रॉयल कॅरिबियनवर अशी खोली नाही, कपडे लाँड्रीत द्यावे लागतात आणि त्याचे पैसे पडतात. फॉर्मल नाईटच्या दिवशी सगळ्यांनाच इस्त्री हवी असते, म्हणून आदल्या दिवशी काम उरकावं. साडी सुती कापडात गुंडाळून, घड्यांमध्ये जुना मऊ कपडा घालून नेली तर ठळक मोड पडत नाही. बंदगळा पोचल्याबरोबर हँगरवर टांगावा, आणि अंघोळीच्या वेळी वाफ भरलेल्या न्हाणीघरात थोडा वेळ ठेवावा. जरीच्या साडीला मात्र ही वाफ दाखवू नका. केबिनच्या भिंती बहुधा धातूच्या असतात, तेव्हा घरून चार-सहा चुंबकी हुक नेले की कपाट लहान असलं तरी दोघांचे कपडे सुटसुटीत टांगता येतात.