हिरव्या कपाची कुंडली

कटिंगवर मोठी झालेली आपली पिढी सध्या एका हिरव्या रंगाच्या प्रेमात पडलीय. वांद्र्याच्या कॅफेत जा नाहीतर पुण्याच्या कोरेगाव पार्कात, मेन्यूकार्डावर माचा लाते दिसणारच. खाली पांढरंशुभ्र दूध, वर हिरवागार थर... फोटोला एकदम झक्कास! बिल बघितल्यावर मात्र पोटात गोळा येतो. एवढे पैसे मोजून आपण नक्की काय पितो, हे तरी कळायला हवं ना?

माचा म्हणजे ग्रीन टीची पावडर, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. कुठलाही ग्रीन टी मिक्सरमधून काढला की माचा होत नाही. जपानमध्ये अशा साध्या पावडरला वेगळं नावच आहे, फुनमात्सुचा. माचाच्या पानाचे लाड तोडणीच्या तीन-चार आठवडे आधीपासून सुरू होतात. क्योतोजवळचं उजी हे माचाचं जुनं घराणं. तिथे वसंतात चहाच्या मळ्यांवर चक्क मांडव घालतात. पूर्वी तो बोरूच्या चटया आणि भाताच्या पेंढ्याचा असायचा. काही जुने मळेवाले अजूनही तसाच घालतात, बाकीच्यांकडे आता काळ्या जाळ्या आल्यात. ऊन कमी झालं की पान जास्त हरितद्रव्य तयार करतं, म्हणून तो गडद रंग. शिवाय थिआनिन नावाचं अमिनो आम्ल, जे उन्हात तुरट कॅटेचिनमध्ये बदललं असतं, ते पानात तसंच राहतं. चांगल्या माचाची ती सूपसारखी, किंचित गोडसर चव यातूनच येते.

मेच्या आसपास तोडणी होते. पानं काळी पडू नयेत म्हणून लगेच वाफवतात, मग न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. उरतो त्याला म्हणतात तेंचा. आणि मग येतं जातं! हो, आजीच्या घरी होतं तसंच दगडी जातं, फक्त ग्रॅनाइटचं आणि आता विजेवर फिरणारं. तासाभरात पीठ पडतं साधारण ४० ग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅमची एक छोटी डबी भरायला पाऊण तास. घाई केली तर दगड तापतो, आणि रंग नि वास दोन्ही जातात.

चहाची पावडर फेटून पिण्याची रीत मूळची चीनची, सोंग राजवटीतली. ११९१ मध्ये एइसाई हा झेन भिक्षू चीनहून जपानला परतला तो चहाचं बी घेऊन, असं मानतात. १२११ मध्ये त्याने चहा आणि प्रकृती यावर पुस्तकच लिहिलं. म्हणजे ‘हेल्थ बेनिफिट्स’चा फंडा आठशे वर्षं जुना आहे म्हणा की!

आता मात्र या जात्याला जग पुरून उरलंय. २०१२ मध्ये जपानात सुमारे १,४७० टन तेंचा होत होता, २०२३ मध्ये तो ४,१७६ टनांवर गेला. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये इप्पोदो आणि मारुक्यु कोयामाएन या क्योतोच्या नामांकित पेढ्यांना विक्रीवर मर्यादा घालावी लागली. त्या वर्षीच्या कडक उन्हाळ्याने झाडंही होरपळली होती. २०२५ च्या पहिल्या तोडणीला क्योतोच्या लिलावात किलोमागे सरासरी ८,००० येनच्या वर भाव गेला, आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. नवी झाडं लावायची म्हटली, तर पुरतं पीक यायला पाचेक वर्षं लागतात.

अशा टंचाईत डबीवर काय वाट्टेल ते छापलं जातं. ‘सेरेमोनियल ग्रेड’ हे शब्द बघून भुलू नका. जपान सरकारची अशी कुठलीही अधिकृत प्रत नाही. त्यापेक्षा डबी उघडून बघा. रंग जर्द हिरवा हवा. शेवाळी-पिवळट दिसला आणि वाळल्या गवताचा वास आला, तर दुधासाखरेत खपवायचा माल समजायचा.

बरं, तब्येतीचं काय? ‘माचात १३७ पट अँटिऑक्सिडंट्स’ हे वाक्य तुम्हीही वाचलं असेल. ते आलं कोलोराडो विद्यापीठातल्या २००३ च्या एका अभ्यासातून. त्यात तुलना होती एकाच प्रकारच्या ग्रीन टीशी. इतर ग्रीन टींच्या नोंदलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी ताडून पाहिलं, तेव्हा फरक निघाला किमान तिप्पट. तोही त्याच अभ्यासात लिहिलाय. पण १३७ चं पोस्टर झालं, तीन कोणाला आठवतंय! हा फायदा मिळतो, कारण आपण पान उकळून फेकत नाही, अख्खं पिऊन टाकतो.

वजनाचं म्हणाल, तर कॉक्रेनने २०१२ मध्ये ग्रीन टीवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला आणि उतरलेलं वजन नगण्य असल्याचं सांगितलं. त्यातून ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या घ्यायचा विचार असेल तर सांभाळून. त्यातल्या ईजीसीजीचं प्रमाण दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झालं, तर यकृताला त्रास होऊ शकतो, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिलाय. आणि दोन ग्रॅम माचात साधारण ४० ते ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं, तेव्हा संध्याकाळी सातचा ‘हेल्दी’ कप रात्रीची झोप उडवणारच.

पण आपल्यासाठी खरी गोम आहे लोहाची. चहातली कॅटेचिनं भाज्या-धान्यांतलं लोह शरीरात नीट शोषू देत नाहीत. माचात पान अख्खंच पोटात जातं, त्यामुळे ही गोष्ट विसरून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. डब्यात मेथीची भाजी, नाचणीची भाकरी आणि सोबत माचा... म्हणजे एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं. सखीनो, हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवण आणि माचा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा. जेवताना भाजीवर लिंबू पिळा, ते लोहाला मदत करतं.

घरी करायचा तर दोन ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर पावडर गाळणीतून चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या ठरलेल्याच. पाणी ८० अंशांच्या आसपासचं, उकळतं नाही. साधारण ७० मिलिलिटर ओता आणि इंग्रजी डब्ल्यू काढल्यासारखं भराभर फेटा. जपानी लोक त्यासाठी बांबूचं चासेन वापरतात. ऑफिसात घट्ट झाकणाच्या बाटलीत गार पाण्यासोबत खळखळवलं तरी चालतं. स्वस्तातला माचा घरात येऊन पडला असेल, तर श्रीखंडात घालून बघा. चक्क्याच्या आंबटपणात त्याचा कडूपणा छान मुरतो. उघडलेली डबी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा.